आधण येईपर्यंत

मित्रांनो, ज्याला तुम्ही नरसाळे समजता आणि ज्याच्यातून दर आठवड्याला बिनदिक्कत रॉकेल ओतता, तो मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. ओठ टेकावेत एवढे माझे एक तोंड, आणि सुपाएवढा रुंद दुसरा घेर. माझ्या कुशीत एक खोल पोचा आहे. परवा तुमच्यापैकी एकाने त्या पोच्यात बोट घालून विचारले, "हे बैलगाडीखाली आलं व्हतं का?" त्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले पाहिजे. ज्याच्यामुळे हा पोचा माझ्या वाट्याला आला, तो गृहस्थ अर्धवट उत्तर कधी देत नसे, आणि मी बोलायला शिकलो तो बहुतांशी त्याच्याच तोंडून.

माझा जन्म लोणावळ्याच्या बाजारात, गेणू कल्हईवाल्याच्या दुकानात, पहिले महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी झाला. रॉकेलचे दोन रिकामे डबे कापून, मोगरीने ठोकून त्याने मला गोल केले आणि कथलाने सांधले. मला घडवून घेतले ते घाटातील रेल्वेच्या गँगवरच्या रखमाजी मुकादमाने. मला त्याच्या हाती देताना गेणू म्हणाला, "मुकादम, ह्याच्यात जे घालाल तेच लांब जाईल. शिवी घातलीत तर शिवीच जाईल, मग मला बोल लावू नका."

रखमाजीने माझ्यात शिव्या घातल्या नाहीत असे नाही. पण माझे खरे काम निराळे होते. घाटात धुके इतके दाट उतरे की हातातली पहार हाताला दिसत नसे. गाडी येताना दिसली की माझ्यातून हाळी जायची आणि माणसे रुळांवरून बाजूला व्हायची. रखमाजीचा नियम एकच होता. ज्याला गाडी आधी दिसेल त्याने कर्णा घ्यायचा; तो साहेब असो की पाटी वाहणारा असो. एकदा पवनेच्या खोऱ्यातील डोंगरवाडीचा बारकू नावाचा मजूर अंगावर आल्यासारखा धावला आणि मुकादमाच्या खांद्यावरून मला हिसकावून ओरडला. अकरा माणसे उड्या टाकून कडेला झाली आणि क्षणात इंजिन धडधडत गेले. मुकादमाच्या खांद्याला हात लावला म्हणून बारकू दूर जाऊन उभा राहिला. रखमाजीने त्याला जवळ बसवून स्वतःची भाकर मोडून दिली. त्या दिवशी मला प्रथम कळले की आपण कोणा एकाचे नाही, ज्याला काही दिसले त्याचे आहोत.

पुढे घाटात विजेची इंजिने आली, रखमाजी दम्याने गेला, आणि त्याची बायको रतनबाई हिने कामशेतला स्टेशनाजवळ चहाचे हॉटेल घातले. हॉटेल म्हणजे चार बांबू, गवती छप्पर, दोन बाकडी आणि एक चूल. चुलीवरच्या खुंटीला मी टांगलेला असे. गाडी थांबली की रतनबाई माझ्यातून "चाऽऽय" अशी हाक देई, आणि डब्यातील उतारू दचकून खिडकीबाहेर पाहत. बारकूही आता तिला जळणाच्या मोळ्या आणून देऊ लागला होता.

त्या हॉटेलातच मला महिपती भेटला.

महिपती हा कान्हे गावचा खातेदार शेतकरी. मराठी सातवी झालेला, ब्राह्मणेतर पक्षाचा, तालुका लोकल बोर्डावर सरकारने नेमलेला सभासद. त्याचे पागोटे कधी वाकडे झालेले मी पाहिले नाही आणि त्याचे वाक्यही कधी अर्ध्यात तुटलेले ऐकले नाही. कोटाच्या आतल्या खिशात त्याची एक वही असे. तिकोणा पेठेचा भिमाजी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. काँग्रेसचा, खादीचा, टोपी मागे सरकवून बोलणारा, आणि बोलता बोलता समोरच्याच्या कपातला चहा पिऊन टाकणारा. भिमाजी त्याला 'भाऊ' म्हणे. पण त्या हाकेत आदर किती आणि आव्हान किती, हे मला शेवटपर्यंत वजन करून सांगता आले नाही.

१९३१ साल होते. आंबेमोहोर भाताचा वास बैलगाडीबरोबर अर्धा कोस पुढे चालत येई, पण त्या वासाला गिऱ्हाईक नव्हते. भाताचा भाव दोन वर्षांत निम्म्यावर उतरला. सकाळी भरून आलेल्या गाड्या संध्याकाळी भरलेल्याच परत जात, आणि बैलांनाही काही चुकल्यासारखे वाटे. हे कोणी केले, या एका प्रश्नावर सगळा बाजार दुभंगला.

पहिल्या बाजारी महिपतीने मला खुंटीवरून काढले. भिमाजीने माझा दुसरा घेर धरला. आणि दोघे माझ्या दोन टोकांकडून एकाच वेळी ओरडू लागले. माझा सांधा कुरकुरला. तेव्हा रतनबाई उलथने घेऊन उठली.

"सोडा त्याला! माझ्या मालकाची निशाणी हाय ती, रस्सीखेचीचा दोर न्हाई!"

"मावशी, पयला हात माझा व्हता," महिपती म्हणाला.

"अन् तोंड माझं पयलं!" भिमाजी म्हणाला.

"दोगांचीबी तोंडं ठाव हायेत मला. आता ऐका. हे पातेलं चुलीवर चढवते. आतल्या रेघेपातुर पानी, अन् चार ढलप्या जळन. आधण येईस्तवर एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मुकाट ऐकायचं. मग पानी बदलायचं, अन् दुसऱ्याची पाळी. मधी जो तोंड घालंल त्याला माझ्याकडं च्या न्हाई."

मित्रांनो, कामशेतच्या बाजारात हा कायदा सरकारी कायद्याहून कडक पाळला गेला, कारण चहा दुसरीकडे मिळत नव्हता. पातेल्याच्या आत पाण्याची रेघ खिळ्याने कोरलेली होती. तरीही भांडण होईच. "भिमाजीच्या पाळीला ओली ढलपी घातली" असा महिपतीच्या माणसांचा आरोप, आणि "महिपतीच्या पाळीला मावशीनं फुंकनी हातातबी धरली न्हाई" असा भिमाजीच्या माणसांचा. रतनबाई दोघांना एकच उत्तर देई, "तुमी चुलीपुडं बसा, मी भाषन करते."

महिपतीने या कायद्यात स्वतःची एक भर घातली होती. विरोधकाला उत्तर देण्याआधी त्याचा मुद्दा तो स्वतःच्या तोंडाने मांडे, आणि भिमाजी "व्हय, हेच म्हनलो" असे कबूल करीपर्यंत पुढे सरकत नसे. त्यासाठीच ती वही होती. भिमाजीचे वाक्य न् वाक्य, तारीखवार, तिच्यात उतरलेले असे. मी त्याला एकदा वहीत खाडाखोड करताना पाहिले. भिमाजीचा एक मुद्दा लिहिताना कच्चा उतरला होता, म्हणून तो त्याला मजबूत करीत होता. लढाईच्या आधी शत्रूची तलवार परजून देणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

भिमाजी म्हणे, "रुपयाचा भाव विलायतेत बसून चढवून ठेवलाय, म्हनून आपला माल बाहेर म्हाग अन् हितं मातीमोल. भात निम्म्यावर आलं, पन शेतसारा निम्म्यावर आला का? एक आना तरी हलला का?"

महिपती ते सगळे उच्चारून, 'व्हय' वदवून घेऊन मग म्हणे, "आता माझं. भाव काय एकट्या मावळात पडलाय? अमेरिकेत पेढ्या बुडाल्या, तितं गहू जाळत्यात. तो काय कलेक्टरनं जाळाया सांगितला? अन् ममईत तुमीच आज बहिष्कार, उद्या हरताळ. दुकानाला कुलूप असंल तर माझी गाडी उतरायची कुटं? दुखनं बाहेरनं आलं, खरं हाय. पन वैद्याच्या वाटंत खड्डा तुमी खनलात."

एकदा दोन पाळ्यांच्या मध्ये पाणी बदलत असताना बारकूने मोळी उतरवत सहज विचारले, "भाऊ, भात सस्त झालं म्हंता. मग मला दोन घास जादा मिळाया पायजेत. पन सस्ताई आली अन् माझं कामच गेलं, ते कसं?" महिपतीने वही काढली, प्रश्न लिहिला, आणि उत्तराची जागा कोरी ठेवली. तेवढ्यात पातेले चढले आणि पुढची पाळी सुरू झाली.

पण या वादाच्या तळाशी एक दुसरा वाद होता, आणि तो भाताच्या भावाचा नव्हता. भिमाजी म्हणे, "ह्या सरकारला उद्या वाटलं तर मावशीचं पातेलंसुदिक जप्त करंल. आधी बोलायची मोकळीक, मग भाव." त्यावर महिपती आवाज उतरवून म्हणे, आणि त्याचा तो आवाज मला फार आवडे, "आन् तुमचं राज आलं म्हंजे? तुमी लय हाय, आमी थोडं. तवा माझी पाळी ऱ्हाईल का, भिमाजी? त्याची हमी कोन देनार?"

रखमाजीच्या हाताखाली मी वर येणारी गाडीही पाहिली होती आणि खाली उतरणारीही. या दोघांनाही गाडी दिसत होती. एकाला येऊन ठेपलेली, दुसऱ्याला अजून बोगद्यापलीकडची. दोघेही इशाराच देत होते.

१९३२च्या जानेवारीत वटहुकूम निघाले. सारा भरू नका असे सांगणे हा गुन्हा ठरला. त्यानंतरच्या बाजारी भिमाजीने माझ्यातून जे सांगायचे ते सांगितले, महिपतीने त्याला सडेतोड उत्तर दिले, आधण दोनदा आले, आणि लोक चहा पिऊन घरी गेले. पोलीस त्या दिवशी बाजारात नव्हते.

तिसऱ्या दिवशी एक नवा फौजदार हॉटेलात आला. तो शहरी होता, गोड होता, आणि ऐकायला बसला होता. महिपती नेमका बाकड्यावर होता.

"आपण महिपतराव ना? आपली ख्याती ऐकली. विरोधकाचं भाषण आपण शब्दाला शब्द सांगता म्हणे."

मित्रांनो, महिपतीने वटहुकूम वाचला होता. त्यावर टिपणही काढले होते. पण त्या घटकेला त्याला समोर फौजदार दिसेना, श्रोता दिसू लागला. अनेक दिवसांनी पुण्याकडचा, नीट ऐकणारा श्रोता. त्याने वही काढली. फौजदाराने ती चाळली आणि मुद्दाम की अजाणता ते देव जाणे, पण म्हणाला, "म्हणजे भिमाजीचं म्हणणं इतकंच ना, की सारा थोडा कमी करावा? साधा अर्जच की हा."

महिपतीला ते सहन झाले नाही. विरोधकाचा मुद्दा दुबळा करून त्याला हरवणे म्हणजे त्याच्या लेखी चोरी होती.

"न्हाई साहेब. अर्ज करनारा गडी न्हवं तो. 'सारा भरू नका' असं चक्क म्हनला. पान उलटा, खालून तिसरी ओळ. उगं त्याचं बोलनं पातळ करू नगा."

फौजदाराने पान उलटले. खालून तिसरी ओळ वाचली. वही मिटून ती खिशात घातली आणि चहाला छान म्हणून तो उठून गेला. महिपतीचा हात पुढे झाला होता तो तसाच राहिला. रतनबाईच्या हातातली चहाची गाळणी थांबली. एवढ्या वेळात त्याला काय झाले ते कळले, आणि मी त्याच्या पागोट्याकडे पाहिले तर ते प्रथमच वाकडे झालेले होते.

दुसऱ्या दिवशी भिमाजीला हरभऱ्याच्या रानातून धरून नेले. महिपती वही परत मागायला गेला. ती आता पुरावा झाली होती. खटला वडगावला चालला. बारकू तो पाहून आला आणि चुलीपुढे बसून त्याने सांगितले, "साहेबानं इचारलं, हे लिवलंय ते खोटं हाय का? भिमाजी म्हनला, 'खरं हाय. महिपतीभाऊ खोटं लिवत न्हाई.' सा म्हयनं दिलं."

महिपती बाकड्यावर होता. रतनबाईने सगळ्यांना चहा दिला आणि त्याच्या वाट्याची कपबशी त्याच्यासमोर पालथी ठेवली. तो भांडला असता तर मला बरे वाटले असते.

पुढच्या बाजारी रतनबाईने रेघेपर्यंत पाणी भरले, चार ढलप्या घातल्या आणि म्हणाली, "भिमाजीची पाळी हाय." सगळा बाजार गप्प उभा राहिला. पाणी आधी कुजबुजले, मग गुणगुणले, मग खळखळले. खुंटीवरचा मी हलवला गेलो नाही. आधण आले, आणि रतनबाईने ते पाणी चहाला न घेता रस्त्यावर ओतून दिले. घाटातल्या सगळ्या धुक्यात मी भ्यालो नव्हतो, पण माणसांच्या त्या शांततेला मी भ्यालो.

त्याच्या पुढच्या बाजारी महिपती आला. पागोटे सरळ होते. स्टेशनाच्या कोपऱ्यावर एक म्हातारा हवालदार आणि एक तरुण शिपाई उभे होते.

"मावशी, पातेलं चढवा."

"कुनाची पाळी?"

"भिमाजीची."

"तो कुटं हाय?"

"न्हाई म्हनून काय त्याची पाळी बुडवायची? मीच त्याला आत घातलाय. त्याचं बोलनंबी माज्याच जवळ हाय. चढवा."

रतनबाईने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि पातेले चढवले. बारकूने न सांगता चार ढलप्या मोजून घातल्या. महिपतीने मला खुंटीवरून काढले. त्याचा श्वास मला ओळखीचा होता, पण त्या दिवशी तो श्वास दुसऱ्याच माणसाचे शब्द घेऊन आला. वही नव्हती, सगळे पाठ होते. त्याने भिमाजीचा मुद्दा मांडला तो भिमाजीनेही कधी मांडला नव्हता इतका रेखीव. जे शब्द त्याने वर्षभर खोडून काढले होते, तेच आता तो उभे करीत होता. लोकांत आधी चुळबूळ झाली, मग कोणी तरी डोळे पुसले, मग कोणी तरी "भले भाऊ!" म्हणाले, आणि त्याने डोळे वटारून त्याला गप्प केले, कारण पाळीत मध्ये बोलायचे नसते.

मग ते वाक्य जवळ आले. खालून तिसरी ओळ.

मित्रांनो, महिपतीने त्या वर्षीचा सारा पै न् पै भरलेला होता. ते वाक्य त्याला चूक वाटत होते आणि घातकही. ते गाळले असते तर कोणी नाव ठेवले नसते; बोर्डावरची जागा राहिली असती; संध्याकाळी तो घरी जेवला असता. माझ्या तोंडाशी त्याचे ओठ एक पळ थांबले. चुलीतला जाळ मला ऐकू येत होता.

"आन् म्हनून भिमाजी म्हंतो," तो म्हणाला, "सारा भरू नका."

तरुण शिपाई धावायला निघाला, तशी म्हाताऱ्या हवालदाराने त्याची बाही धरली. हवालदारही वर्षभर याच पातेल्याचा चहा पीत आला होता. "थांब जरा," तो म्हणाला, "आधण येऊ दे." आणि दोघे तिथेच उभे राहिले. पाणी खळखळले तेव्हा महिपतीने वाक्य संपवले आणि मला खाली घेतले.

तरुण शिपायाने थांबल्याचा राग माझ्यावर काढला. त्याने मला हातातून खेचून जमिनीवर आपटले आणि टाचेने लाथ हाणली. हा पोचा त्याच टाचेचा. महिपतीला घेऊन जात असताना तो एकदाच वळला आणि ओरडला, "मावशी, आता माझी पाळी व्हती! ध्यानात ठेवा! ह्या समद्याला माझं उत्तर हाय!" सगळा बाजार हसला, आणि हसता हसता रडला.

न्यायाधीशाने त्याला विचारले की हे मत तुझे आहे काय. महिपती म्हणाला, "माझं न्हाई. ते चूक हाय, हे अर्ध्या घटकेत दाखवून देतो. पन ज्याला उत्तर द्यायचं तो मानूस आत अन् मी बाहेर, तर मी उत्तर देऊ कुनाला?" त्याला एक महिन्याची साधी कैद झाली. बोर्डावरची जागा गेली; पक्षातील काही जणांनी त्याच्याशी बोलणे टाकले. तो सुटून आला तेव्हा रतनबाईने त्याची कपबशी सरळ केली, एवढेच.

पावसाळ्याच्या मध्यावर भिमाजी गाडीतून उतरला. वाळला होता, टोपी मात्र मागेच सरकलेली. तो घरी न जाता थेट हॉटेलात आला आणि बाकड्यावर बसला. बारकूने त्याला ती पाळी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. महिपती कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. भिमाजीने महिपतीच्या कपातला चहा उचलून पिऊन टाकला आणि म्हणाला,

"रुपयाच्या भावाचा मुद्दा सोडलास, भाऊ."

महिपतीने मान वर केली. "सोडला न्हाई. आधण आलं."

"मग तो आदी घ्यायचा! सुरवातच त्याच्यानं करतो मी!"

"तुझी मांडनीच उलटी असती. मी सरळ केली."

"मावशी, ऐकलंत का? माझ्याच भाषनात ह्याची ढवळाढवळ!"

क्षमा कोणी मागितली नाही आणि कोणी केलीही नाही. पण त्या दिवशी भांडण सुरू झाले तेव्हा रतनबाईने तोंड फिरवून पदराने डोळे टिपले, आणि धूर झाला म्हणाली. चूल पेटलेली नव्हती.

पाच वर्षे लोटली. निवडणुका झाल्या आणि मुंबई इलाख्यात भिमाजीच्या पक्षाचे मंत्रिमंडळ आले. बाजारात पांढऱ्या टोप्या वाढल्या. काल ज्यांच्या डोक्याला फेटा होता त्यांच्याही डोक्यावर आल्या. भाताचा भाव मात्र मनासारखा वर आला नाही. १९३८ सालच्या एका बाजारी महिपतीची पाळी होती. तो आता थकला होता, मला दोन्ही हातांनी धरी. पण वाक्य तुटत नसे.

"आता माझा सवाल तुमाला," तो म्हणाला. "भाव पडला तवा दोष सरकारचा व्हता. आता सरकार तुमचं. दोष कुनाचा? आन् ज्या कायद्यांनी भिमाजीला अन् मला आत घातलं, ते तुमी फाडनार व्हता. ते अजून पेटीत का ठिवलेत? कुनासाटी ठिवलेत?"

समोरच्या घोळक्यात गलका झाला. "खाली बसा, सरकारचं मानूस!" कोणी म्हणाले. "मावशी, घाला लाकडं! आटपू द्या म्हाताऱ्याचं!" आणि भिमाजीच्याच पक्षाचे दोघे तरणे गडी पुढे झाले आणि बारकूने रचलेल्या मोळीतून वाळकी लाकडे ओढून त्यांनी चुलीत कोंबली. जाळ पातेल्याच्या कडेवर चढला. पाणी एकदम कुजबुजू लागले.

महिपतीने ते पाहिले. त्याने माझ्यावरून ओठ काढले आणि भिमाजीकडे बघितले. सात वर्षांपूर्वीचा त्याचा प्रश्न मला त्या नजरेत पुन्हा ऐकू आला. माझी पाळी राहील का? त्याची हमी कोण देणार?

भिमाजी बाकड्यावरून उठला. त्याने रांजणातून तांब्या भरला, आपल्याच माणसांतून वाट काढीत चुलीपाशी गेला, आणि तो तांब्याभर गार पाणी पातेल्यात ओतले. कुजबुजणारे पाणी गप्प झाले.

"बोल भाऊ," तो म्हणाला. "अजून येळ हाय."

आणि महिपती, माझा महिपती, काय म्हणाला असेल? त्याने मला तोंडाशी धरून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "भिमाजी, नियम मोडलास. पानी रेघेच्या वर गेलं."

"लाकडं जादा पडली, पानी जादा पडलं!" रतनबाई ओरडली. "फिट्टंफाट झाली. आता बोलतोस का पिठलं टाकू त्याच्यात?"

लोक हसले. लाकडे कोंबणाऱ्या दोघांपैकी एकाने खाली बघत दोन लाकडे परत ओढून काढली. महिपती बोलला, शेवटच्या वाक्यापर्यंत. त्याची ती पाळी मी ऐकलेल्या पाळ्यांत सर्वांत लांब होती. भिमाजीने ती उभ्याने ऐकली, आणि मग तिचे वाभाडे काढले.

आता महिपती नाही, रतनबाई नाही; हॉटेल तुम्ही चालवता. स्वराज्य आले, त्याला वर्ष होऊन गेले. भिमाजी म्हातारा झाला आहे. कधी येतो, माझ्याकडे पाहतो, आणि कोणाचा तरी कप उचलून चहा पिऊन जातो. स्टेशनावर विजेवर बोलणारे कर्णे आले आहेत, आणि मी रॉकेल ओततो. त्याचा मला विषाद नाही. माझा जन्मच त्या डब्यांचा.

पण मित्रांनो, एक कबुली दिल्याशिवाय माझे आत्मवृत्त खरे होणार नाही, आणि ते अर्धवट राहिलेले महिपतीला चालले नसते. ज्याने घाटात अकरा जीव वाचवले, त्या बारकूची पाळी या हॉटेलात कधी लागली नाही. तो लाकडे पुरवीत राहिला. 'सस्ताई आली अन् माझं काम का गेलं' या त्याच्या प्रश्नापुढची जागा वहीत कोरी होती. आणि वहीबरोबर ती जागाही एखाद्या कचेरीच्या दप्तरात अजून तशीच कोरी पडली असेल.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. माझा पोचा ठोकून सरळ करू नका. तो शोभेचा नसला तरी पुराव्याचा आहे. माझ्यातले रॉकेल आठवड्यातून एकदा पुसून मला खुंटीला टांगा. आणि बाजाराच्या दिवशी बारकू मोळी घेऊन आला, तर ती उतरवून घ्या, त्याच्या हाती मला द्या, आणि पातेल्यात पाणी रेघेपर्यंत भरा.